दोन की पाच? शेवटी तीन: एका हॉलमधल्या स्पीकरांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण चार माणसांच्या एका घराचं आहे. नावं बाजूला ठेवतो आणि आजी, आई, बाबा, मुलगा असंच म्हणतो. मला बोलावलं बाबांनी, आणि प्रश्न त्यांनी तयारच ठेवला होता: "स्टिरिओ घ्यायचा की ५.१? एवढंच सांगा."

एवढंच सांगता आलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. स्टिरिओ म्हणजे समोर दोन स्पीकर. ५.१ म्हणजे समोर तीन, मागे दोन, आणि '.१' म्हणजे खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, सबवूफर.

हॉलची मापं आधी देतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. टीव्हीची भिंत ४.८ मीटर रुंद. तिथून समोरच्या भिंतीपर्यंत ३.५ मीटर. उंची २.९ मीटर. उजवीकडे जवळपास पूर्ण भिंतभर काचेची खिडकी. डावीकडे अर्धी भिंतच नाही, तिथून जेवणाची जागा सुरू होते. खाली गुळगुळीत फरशी. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. सोफ्याच्या मधोमध बाबा, डाव्या टोकाला आई. आजींची खुर्ची उजवीकडे, खिडकीजवळ, सोफ्याच्या थोडी पुढे. मुलगा टीव्हीसमोर खाली.

बाबांना शास्त्रीय गायनाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची आवड. आई आणि आजी रोज संध्याकाळी मालिका आणि चित्रपट पाहतात, बहुतेक इंटरनेटवरून. मुलाला गेम. आठवडाभर कोण, कधी, काय ऐकतं याची नोंद ठेवायला मी सांगितलं. मुलाने ती नोंद चोख ठेवली. त्यातून दिसलं की या टीव्हीतून सर्वात जास्त वेळ जे बाहेर येतं ते संगीतही नाही आणि धमाकेही नाहीत. येतं ते माणसांचं बोलणं.

अडचण

प्रत्येकाची तक्रार वेगळी ऐकून घेतली. आई म्हणाल्या, "आवाज वाढवला की कानठळ्या, कमी केला की नुसती पुटपुट." आजींना बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. बाबांना टीव्हीतून गाणं ऐकवत नाही, "तंबोरा तर गायबच" असं त्यांचं म्हणणं. मुलाला मागून आवाज हवा होता, कारण मित्राकडे तसा होता.

म्हणजे चौघांपैकी तिघांच्या तक्रारीत 'मागे' हा शब्दच नव्हता. तरीही घरात चर्चा चालू होती ती मागच्या दोन स्पीकरांची.

बोलणं कळत नाही यामागे दोन कारणं होती. एक सर्वांना माहीत असतं: पातळ टीव्हीचे छोटे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. दुसरं सहसा तपासलं जात नाही. चित्रपटाच्या ५.१ ध्वनीत प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा ध्वनी, म्हणजे चॅनल, असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असल्यामुळे तो पाच चॅनल दोनात कोंबतो. सेंटरचा आवाज ३ डेसिबल कमी करून डावीकडे आणि उजवीकडे वाटला जातो, मागच्या चॅनलांचा आवाज त्यातच मिसळला जातो, खर्जाचा स्वतंत्र चॅनल बहुधा गाळला जातो. वर, आवाज फाटू नये म्हणून सगळ्याचीच पातळी उतरवली जाते. जो संवाद एकटा, मोकळा उभा होता तो पार्श्वसंगीताच्या गर्दीत सापडतो.

शिवाय या टीव्हीत 'सराउंड'चा, म्हणजे आवाज चोहीकडून येत असल्याचा, आभास निर्माण करणारी सेटिंग चालू होती. तिने संवाद आणखी पसरट केला होता.

पहिला निर्णयबिंदू: काहीच न घेणं

ती सेटिंग बंद केली. मालिकेच्या ॲपमध्ये ध्वनीचा प्रकार ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडला, म्हणजे दोनात कोंबायचं काम टीव्हीवर न सोडता तयार स्टिरिओ मिश्रणच येऊ लागलं. रात्रीच्या वेळचा, मोठे आणि लहान आवाज जवळ आणणारा मोड चालू केला.

फरक लगेच पडला. आई म्हणाल्या, "मग एवढ्यावर भागेल की!"

हा पर्याय गंभीरपणे विचारात घ्यावा असं माझं आजही मत आहे. घरात फक्त मालिका पाहिल्या जात असत्या, तर मी तिथेच थांबायला सांगितलं असतं. पण बाबांच्या गाण्याचा प्रश्न यातून सुटत नव्हता, आणि आजींना अजूनही शब्द निसटत होते. म्हणून पुढे गेलो.

समोर असलेले पर्याय

साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या एका लांबट स्पीकरचा, पर्याय पहिल्याच बैठकीत मागे पडला. संवादासाठी चांगला साउंडबार पुरला असता, पण बाबांना डाव्या-उजव्यातलं खरं अंतर हवं होतं आणि ते एका मीटरच्या पट्टीतून मिळत नाही. छतावरून आवाज परावर्तित करणारे बारही असतात. त्यांना सपाट, कठीण छत लागतं आणि इथे छताला नक्षीदार खाचा होत्या.

उरले तीन. चांगले दोन बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे उभे, स्पीकर आणि ते वाजवणारा, टीव्हीशी एचडीएमआयने जोडता येईल असा स्टिरिओ ॲम्प. किंवा एकाच खोक्यात येणारा ५.१ संच. किंवा सराउंड रिसीव्हर, म्हणजे पाचही चॅनल वेगळे करून आपापल्या स्पीकरला देणारा ॲम्प, घ्यायचा, पण सुरुवात पुढच्या स्पीकरांपासून करायची आणि बाकीचं नंतर ठरवायचं.

एकाच बजेटमध्ये पाच स्पीकर आणि सबवूफर बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. दोनच घेतले तर तेच पैसे दोघांत जातात. बाबांचा कल अर्थातच दोनाकडे होता, मुलाचा पाचाकडे, आणि दोघेही माझ्याकडे पंच म्हणून पाहत होते.

इथे थोडं इतिहासात डोकवावं लागतं, कारण 'दोन की पाच' या वादात मधला एक आकडा नेहमी हरवतो. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली ब्रिटनमध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण १९३३ साली बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातल्या ऑर्केस्ट्राचं वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवलं, तेव्हा तीन चॅनल वापरले होते: डावा, मधला, उजवा. सभागृह रुंद, श्रोते पसरून बसलेले, म्हणून मधला हवाच. १९५३ मध्ये रुंद पडद्याचे सिनेमास्कोप चित्रपट आले तेव्हाही पडद्यामागे तीन चॅनल होते आणि चौथा प्रेक्षकांभोवती. घरात मात्र १९५८च्या सुमारास स्टिरिओ तबकडी आली, आणि तबकडीच्या एका खाचेला दोनच बाजू असतात. दोनच चॅनल घरात रुजले यामागे खाचेच्या या दोन भिंतींचा वाटा मोठा आहे. पुढे १९७०च्या दशकात चार कोपऱ्यांत चार स्पीकर विकायचा मोठा प्रयत्न झाला आणि फसला. एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धती हे त्याचं मोठं कारण. पण त्या चारांतही मधला नव्हताच, हे मला जास्त बोलकं वाटतं.

दुसरा निर्णयबिंदू: ऐकून ठरवणं

एक रिसीव्हर, बुकशेल्फची एक जोडी, एक छोटा सेंटर आणि दोन छोटे मागचे स्पीकर काही दिवसांसाठी उसने आणले. अट एकच घातली: प्रत्येक जुळणीचा आवाज सोफ्यावर मोजून सारखा करायचा आणि मगच मत द्यायचं. जो थोडा मोठा वाजतो तो चांगला वाटतो. भल्याभल्यांचे कान यात फसतात. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने तुलना करायला पुरतं.

आधी फक्त दोन स्पीकर, एकमेकांपासून २.४ मीटरवर. बाबा मधे बसले. गायिकेचा आवाज टीव्हीच्या बरोबर मध्यातून, जिथे काहीच नव्हतं तिथून आला. बाबांनी डोळे मिटले आणि निकाल देऊन टाकला: "झालं. स्टिरिओच."

मग मी त्यांना आईंच्या जागेवर बसायला सांगितलं.

आई मध्यापासून ७० सेंटीमीटर डावीकडे बसतात. तिथून डावा स्पीकर उजव्यापेक्षा सुमारे ५२ सेंटीमीटर जवळ पडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे डाव्याचा आवाज दीड मिलिसेकंद आधी पोचतो. एवढासा फरक, पण मेंदूला तो पुरतो. आधी पोचलेल्या आवाजाच्या दिशेवर तो विश्वास टाकतो आणि नंतर आलेल्याला त्यातच जमा करतो. सुमारे एक मिलिसेकंदाचा फरक पडला की मधे उभा राहणारा भासमान गायक जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. आजींच्या खुर्चीवर तर हा फरक साडेतीन मिलिसेकंदांचा निघाला. त्यांच्यासाठी सगळी पात्रं खिडकीपाशी उभी राहून बोलत होती.

बाबा म्हणाले, "हे मला कधी कळलंच नसतं." साहजिक आहे, घरातली एकमेव योग्य जागा त्यांची होती.

मग सेंटर जोडला. तो छोटा आणि हलक्या दर्जाचा होता, त्याचा आवाज बाजूच्या दोघांशी जुळतही नव्हता. तरी आई आणि आजी दोघींच्या जागेवर संवाद पडद्यावर येऊन थांबला. आजींनी आपणहून सांगितलं की शब्द जास्त सुटे कळतात. याला सोय म्हणा, पण त्यामागे भौतिकशास्त्रही आहे. मधला आवाज दोन स्पीकरांतून भासमान तयार होतो तेव्हा प्रत्येक कानाला तो दोनदा पोचतो: जवळच्या स्पीकरकडून आधी, डोक्याला वळसा घालून दूरच्याकडून पाव मिलिसेकंदाने नंतर. दोन्ही मिळून २००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. नेमक्या त्याच भागात आणि त्याच्या वर त, थ, स, श, फ अशा व्यंजनांची ओळख असते, आणि वयानुसार कान आधी वरच्याच पट्टीत मंदावतात. खऱ्या सेंटरमधून आलेल्या आवाजाला हा खड्डा नसतो.

शेवटी मागचे दोन. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीएस.७७५ ही शिफारस सांगते की ऐकणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून पुढचे दोन ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांत असावेत, म्हणजे कानाच्या रेषेच्या थोडे मागे. सोफा भिंतीला टेकलेला असताना डोक्यामागे पाव मीटरच उरतो. त्यामुळे ते जेमतेम बाजूला ठेवता आले. डावा स्टँडवर, जेवणाच्या जागेच्या वाटेत. उजवा खिडकीपाशी, म्हणजे आजींच्या कानापासून हातभर अंतरावर.

एका दृश्यात पाऊस सुरू झाला. मुलगा खूश. आजी दचकून खिडकीकडे पाहायला लागल्या. पुढच्या दृश्यात गर्दीची कुजबुज आली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या कानाशी कोण बोलतंय ते आधी बंद करा."

निर्णय

सराउंड रिसीव्हर घ्यायचा, पण स्पीकर पुढचे तीनच, सोबत एक सबवूफर. बोलीभाषेत ३.१. मागच्या दोघांसाठी रिसीव्हरमध्ये जागा राहील, तारही आत्ताच टाकून ठेवायची, मात्र खरेदी नाही.

बाबांना हे सहज पटलं नाही. "गाणं दोनातच चांगलं" यावर ते ठाम होते आणि बरोबरही होते. स्टिरिओ ध्वनिमुद्रण दोन स्पीकरांसाठीच मिसळलेलं असतं, त्यात सेंटर घालून सुधारणा होत नाही. तोड अशी निघाली की संगीताच्या वेळी सेंटर गप्प राहील आणि बजेटचा मोठा वाटा पुढच्या जोडीवरच जाईल.

वॅटच्या आकड्यांवर बराच वेळ गेला, तो टाळता आला असता. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर, १ मीटरवर तेवढा वाजतो. अडीच मीटरवर मोकळ्या जागेत साधारण ८ डेसिबल कमी होतात, खोलीत त्याहून कमी. घरात संवाद ६५ ते ७० डेसिबलवर ऐकला जातो, म्हणजे एक वॅटही लागत नाही. धमाक्याला ९० हवे असतील तर पंधरा-वीस वॅट. खोक्यावर शंभर लिहिलंय की दीडशे, याने इथे काही बिघडत नव्हतं.

तिसरा निर्णयबिंदू: कोणता सेंटर

या प्रकरणातला सर्वात अवघड भाग हाच होता, आणि दुकानात कोणी तो विचारत नाही.

सेंटर म्हणून मिळणारा स्पीकर बहुधा आडवा असतो: मधे ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा ध्वनिपडदा, दोन बाजूंना दोन वूफर, म्हणजे खालच्या सुरांचे मोठे. टीव्हीखाली बसतो, दिसायला नीट. समोर बसणाऱ्यासाठी उत्तम. बाजूला बसणाऱ्यापासून मात्र दोन वूफरांची अंतरं वेगळी होतात, आणि दोघांचे आवाज काही सुरांवर एकमेकांना रद्द करतात. ट्वीटर सुरू होण्याआधीच्या पट्टीत, म्हणजे बोलण्याच्या भागातच, आवाज पोकळ होतो. आजींची खुर्ची मध्यरेषेपासून तीस अंशांहून जास्त बाजूला होती. ज्यांच्यासाठी सेंटर घ्यायचा, त्यांच्याच जागेवर तो सर्वात दुबळा पडणार होता.

उपाय दोन. एक म्हणजे तीन-मार्गी सेंटर, ज्यात मधल्या सुरांसाठी वेगळा मिडरेंज असतो आणि तो व ट्वीटर एकावर एक उभे असतात. तो चांगला, पण निवडलेल्या स्पीकरांच्या श्रेणीत तो बजेटच्या बाहेर होता. दुसरा म्हणजे डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ, उभाच, मधे. तिन्ही स्पीकर तंतोतंत एक, त्यामुळे पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या पात्राचा आवाज वाटेत बदलत नाही.

यात दोन कटकटी. उभा बुकशेल्फ मावायला टीव्ही वर घ्यावा लागणार होता. आई आधी नाराज होत्या, मान वर करून पाहावं लागेल म्हणून. शेवटी टीव्ही भिंतीवर साधारण वीतभर वर गेला आणि स्पीकर छोट्या उतरत्या ठोकळ्यावर, तोंड किंचित वर करून बसला. दुसरी कटकट अशी की हे स्पीकर जोडीनेच विकले जातात. सुटा एक मिळाला नाही, दोन जोड्या घ्याव्या लागल्या. चौथा स्पीकर ही उधळपट्टी आहे असं बाबांचं मत होतं. हिशेब केला तर दोन जोड्यांची रक्कम एक जोडी आणि तीन-मार्गी सेंटर यांच्यापेक्षा कमीच होती.

प्रत्यक्ष मांडणी

पहिलं काम फुकटचं होतं: सोफा ४५ सेंटीमीटर पुढे. डोकं भिंतीपासून पाऊण मीटरवर आलं. मागच्या भिंतीवरून लगेच परतणारा आवाज थोडा लांबला, आणि बोलण्यातला डब्यातून आल्यासारखा गुण बराच गेला. पुढचे स्पीकर आता २.८ मीटरवर नेता आले, म्हणजे बाबांच्या जागेवरून जवळपास ६० अंशांचा कोन. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर.

यात एक गैरसमज होता तो सांगतो. सोफा पुढे घेतला की बासची, म्हणजे खर्जाची, गुंजन जाईल असं बाबांनी कुठेतरी वाचलं होतं. समोरासमोरच्या भिंतींमधल्या ३.५ मीटर अंतराची पहिली अनुनादी कंपनसंख्या, म्हणजे ज्या सुराला हॉल स्वतःच घुमवतो ती, ४९ हर्ट्झ येते. भिंतीपाशी तिचा दाब सर्वाधिक असतो आणि पाऊण मीटरवर तो थोडाच उतरतो. गुंजन राहिलीच. ती कमी झाली सबवूफरच्या जागेने. तो कोपऱ्यातून काढून खिडकीच्या बाजूला, त्या ३.५ मीटरच्या मध्याजवळ, म्हणजे टीव्हीची आणि सोफ्यामागची अशा दोन्ही भिंतींपासून पावणेदोन मीटरवर ठेवला. तिथे या अनुनादाचा दाब शून्याजवळ असतो, त्यामुळे सबवूफर त्याला चेतवू शकत नाही. जागा शोधायची जुनी युक्तीही वापरली: सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, बासचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाजवायचं आणि आपण जमिनीलगत कान नेऊन फिरायचं, जिथे बास एकसारखा ऐकू येतो तिथे सबवूफर ठेवायचा. मुलाने हे काम आनंदाने केलं. गणिताने आणि कानाने जवळपास एकच जागा दाखवली.

मग रिसीव्हरची स्वयंचलित मोजणी. तिने पुढचे स्पीकर 'लार्ज', म्हणजे खर्जही स्वतःच वाजवणारे, ठरवले. बुकशेल्फला ते झेपत नाही. तिन्ही 'स्मॉल' केले आणि ८० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरकडे सोपवलं. सेंटरची पातळी २ डेसिबलने वाढवली. टीव्हीचं ध्वनी आउटपुट 'पीसीएम' वरून 'बिटस्ट्रीम' केलं. हे राहिलं असतं तर टीव्हीने दोनच चॅनल पाठवले असते आणि सेंटरची सगळी कहाणी वाया गेली असती. ॲपमध्ये पुन्हा ५.१ निवडलं. ओठ आणि आवाज जुळवायला रिसीव्हरमधला विलंब थोडा बदलावा लागला.

मागचे चॅनल आता 'नाही' असे नोंदवलेले आहेत, त्यामुळे रिसीव्हर त्यांचा आवाज पुढच्या दोघांत मिसळतो. सेंटर मात्र स्वतंत्र राहतो. टीव्हीच्या बाबतीत जी गर्दी होत होती ती इथे संवादावर येत नाही.

काय झालं

आईंचा रिमोट बहुतेक वेळ टेबलावर असतो. रात्री उशिरा तो आवाजाची चढउतार दाबणारा मोड त्या स्वतःच लावतात.

बाबांची तक्रार पहिल्या आठवड्यात आली: "गाणं आक्रसलं." पाहिलं तर रिसीव्हर स्टिरिओ गाण्यालाही स्वतःहून पसरवत होता आणि गायिकेला सेंटरमध्ये कोंडत होता. संगीताच्या स्रोतासाठी 'स्टिरिओ' मोड कायमचा ठरवून दिला. त्यांनी आधी 'डायरेक्ट' लावून पाहिला होता. बऱ्याच रिसीव्हरांत, या रिसीव्हरातही, त्याने सबवूफर आणि मोजणीवरून खोलीनुसार केलेली आवाजाची दुरुस्ती दोन्ही बाजूला पडतात आणि मग बास कुठे गेला म्हणून शोधाशोध होते. आता तंबोरा ऐकू येतो.

मुलगा गेमला हेडफोन लावतो. मागच्या पावलांचा आवाज त्याला त्यात हॉलपेक्षा नेमका कळतो. तरी त्याला हा निकाल न्याय्य वाटत नाही, आणि त्याच्या बाजूने मला एक म्हणायचं आहे: ज्या चित्रपटांत भोवतालचा अवकाश हाच अनुभव असतो, तिथे ३.१ खरोखर कमी पडतं. उसन्या स्पीकरांवर पावसाचं दृश्य त्याने ऐकलं होतं. ते आता तसं नाही.

आजींना बातम्या आणि बहुतेक मालिका नीट कळतात. भराभर बोलणाऱ्या पात्रांसाठी उपशीर्षकं अजून लागतात.

काय वेगळं करता आलं असतं

आजींची श्रवणचाचणी सर्वात आधी व्हायला हवी होती. ती नंतर झाली आणि वरच्या पट्टीत अपेक्षेपेक्षा जास्त घट निघाली. श्रवणयंत्र आल्यावर त्यांना जो फरक पडला, तो सेंटरने पडलेल्या फरकापेक्षा मोठा आहे. चाचणी आधी झाली असती तरी सेंटर घेतलाच असता, आईंच्या जागेसाठी तो हवाच होता. पण 'आजींना कळेल' या एका अपेक्षेचं सगळं ओझं स्पीकरवर टाकलं गेलं नसतं.

खिडकीला जाड पडदा आणि फरशीवर गालिचा हे स्पीकर निवडायच्या आधी करता आलं असतं. ते सर्वात शेवटी आले, आणि आल्यावर मोजणी पुन्हा करावी लागली. काचेवरून उजव्या स्पीकरचा आवाज लखलखीत परतत होता आणि डावीकडे भिंतच नसल्यामुळे तसं काही नव्हतं. चित्र उजवीकडे ओढलं जातं ही बाबांची सुरुवातीची कुरकुर बहुधा यामुळेच होती. पडदा ओढल्यावर ती थांबली.

सबवूफर गरजेपेक्षा मोठा झाला. निवडताना बाबा आणि मुलगा यांचं एकदाच एकमत झालं आणि ते नेमकं इथे. खालचे सूर भिंती आणि जमिनीतून दूरवर जातात, गालिचाने ते अडत नाहीत. खालच्या मजल्यावरून निरोप आला. आता सबवूफर रबरी पायांवर आहे आणि त्याची पातळी मोजणीने सुचवलेल्यापेक्षा ४ डेसिबल खाली आहे. बंद पेटीचा लहान सबवूफर इथे पुरला असता.

सराउंडचा प्रश्न मिटलेला नाही, पुढे ढकलला आहे. सोफा पुढे आल्यामुळे मागे ११० अंशांची जागा आता निघू शकते, आणि तार दोन्ही बाजूंना पोचलेली आहे. आजींची खुर्ची डावीकडे हलवली तर उजव्या स्पीकरचा त्रास टळेल, पण दिवसा त्यांना खिडकीपाशीच बसायचं असतं. मुलाने सुचवलं की मागचे स्पीकर भिंतीवर, कानाच्या बरेच वर लावावेत. ते करून पाहण्यासारखं आहे. चौथा बुकशेल्फ सध्या त्याच्या खोलीत संगणकाला जोडलेला आहे.